या सहीपुढे 'करिता' नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, अविवाहित, पंपांच्या कारखान्यात तेहेतीस वर्षे नोकरी केलेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शरीर खिळखिळे झाले असले तरी डोके ताळ्यावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे दोन खोल्यांचे घर व बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. थोरल्या भावाने हरकत घेऊ नये. "तुला काय, ना नवरा ना पोरं," म्हणत त्याने आईचे आजारपण माझ्या गळ्यात घातले. पुढे बढतीच्या मुलाखतीत मला विचारले गेले, "घरी आई आजारी, बाहेरगावी जाणं जमेल का?" भावाला त्याच्या साहेबाने हे कधी विचारले नाही. आई तर दोघांचीच होती.

२. निरोप समारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ भावाने न्यावे. ते मागे पडते.

३. कारखाना व्यवस्थापकाची खुर्ची तीनदा रिकामी झाली. तीनही वेळा मी प्रभारी म्हणून काम पाहिले, मिळून साडेपाच वर्षे. प्रत्येक कागदावर 'व्यवस्थापकांकरिता' असे लिहून खाली सही केली. मग दर वेळी नवा माणूस आला आणि त्याला काम मी शिकवले. मोठे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही. पण कामगार बाईचं ऐकतील का?" साडेपाच वर्षे ते कोणाचे ऐकत होते, हे माझ्या तोंडून निघाले नाही. त्याचा राग मी कोणाच्या नावे करत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

४. माझे मोजमापाचे व्हर्नियर कॅलिपर चाचणी विभागातल्या माझ्या सहायक मुलीला द्यावे. हे लिहिताना मला लाज वाटते. चार वर्षांपूर्वी तिचे नाव बढतीसाठी आले. निवड समितीत मी एकटीच बाई, म्हणून शेरा माझ्याकडून घेतला. मी लिहिले, "मूल लहान आहे. जबाबदारी पेलवणार नाही." साहेब खूश होतील आणि खुर्ची मला देतील, अशी आशा होती. शिवाय मला न मिळालेले तिला मिळावे, हे मला बघवत नव्हते. त्या कागदावर 'करिता' नव्हते. सही माझी होती.

५. परवा ती भेटायला आली तेव्हा मी सगळे कबूल केले. तिने माझ्या सलाईनची नळी सरळ केली. मग म्हणाली, "मॅडम, साहेबांनी लिहिलं असतं तर मी भांडले असते. तुम्ही लिहिलंत, म्हणून वाटलं खरंच असेल. यंदा मी बढतीचा अर्जच भरला नाही."

६. तो शेरा खोटा होता, असे पत्र सोबतच्या पाकिटात आहे. वकीलबाईंनी ते आजच कारखान्यात द्यावे व एक प्रत तिच्या हातात द्यावी. त्या म्हणतात, "ताई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं." हे एक कलम आधी लागू करावे. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.

७. तरीही तिने अर्ज केला नाही, तर तिला कोणी भित्री म्हणू नये. कॅलिपर तिलाच द्यावे.

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीकडची खाट
दिनांक: ११ मार्च, बुधवार

सही (माझी, माझ्याच वतीने)

साक्षीदार:
१. वॉर्डातली परिचारिका. सही माझ्यासमोर केली.
२. घराशेजारचे शिंपीकाका. सही करताना मनगट धरू का, असे मी विचारले. नको म्हणाल्या.