रिकाम्या खोलीचा आवाज

३ फेब्रुवारी

पोचले. माझी जास्तीची कवळीही पोचली असेल, पण तुझ्या घरी. मला गाडीत बसवलंस, हात हलवलास आणि माझीच पिशवी खांद्याला अडकवून परत गेलीस. तू मला सोडायला आली होतीस की पिशवीला न्यायला, याचा मी वाटभर विचार केला. विसरावं माणसानं, पण आईचे दात?

तर ठरल्याप्रमाणे करू. मी रोज फोनवरचं हिरवं चित्र दाबून बोलेन, तू ऐकून वहीत उतरवायचंस. रोज काहीतरी लिहिलं की विसरणं कमी होतं असं डॉक्टर तुला म्हणाले आहेत, आणि माझ्यासाठी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तेव्हा हात तुझा, डोकं माझं. ऐकू येईल तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस. एखादा शब्द नाही कळला तर तिथे नुसती रेघ ओढ.

तुझी लेक दारातच उभी होती. आधी पोट दिसलं, मग माझी नात दिसली. सातवा सरत आलाय. नातजावई जहाजावर आहेत, बाळ येईपर्यंत येतो म्हणतात. घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, दर मजल्याला माझ्यासारखी कण्हते, पण पोचवते. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात आणि त्यातल्या एकीत एक म्हातारा दिवसभर बूट पुसत असतो. कुठे जायचंय त्याला कोण जाणे. मला घर आवडलं.

मी कशाला आले ते तरी आठवतंय का? पाळण्याचं गाणं. माझ्या आईनं मला म्हटलं, मी तुला म्हटलं, आणि तू हिला निम्मंच म्हटलंस, कारण दुसरं कडवं तुला कधी आठवलंच नाही. लिहिलेलं ते कुठेही नाही. माझ्या घशात आहे तेवढंच. ते माझ्याबरोबर जायला नको, म्हणून नातीला ते माझ्या आवाजात बाळासाठी भरून ठेवायचंय.

खजूर पाठव. बिया काढून.

५ फेब्रुवारी

खजूर निघाले म्हणतेस, बरं झालं. आज तिची कामाची खोली पाहिली. ती लहान मुलांच्या गोष्टी वाचून, मधूनमधून गाऊन देते आणि त्याचे पैसे मिळतात. आपण तेच काम फुकट करत आलो. स्वयंपाकघरामागची ती अडगळीची खोली आहे. भिंतींना गोधड्या, दाराला आतून जाड रजई, कोपऱ्यात उभी केलेली गादी. आत गेलं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो, जसा कापसात गुंडाळून दिलाय.

मधोमध दांडीवर माइक टांगलेला, वांग्याएवढा. त्याच्यापुढे गोल कड्यावर ताणलेला पायमोजा. मी विचारलं, याला सर्दी झाली का? तर म्हणे, पाळणा हा शब्द म्हटला की तोंडातून फुंकर सुटते, ती थेट आत गेली तर ऐकणाऱ्याच्या कानात धाडकन वाजतं. मोजा ती फुंकर अडवतो. माइकपासून एक वीत लांब राहायचं. फार जवळ गेलं तर आवाज जाड होतो, पोटातून आल्यासारखा. लांब गेलं तर भिंतीच मधे बोलायला लागतात. वरचा सूर लागला की मान जरा मागे, हळू ओळ आली की पुढे. आणि तोंड समोर नाही धरायचं, थोडं तिरकं, रुसलेल्या सुनेसारखं. हे उदाहरण माझं. तिला फार आवडलं.

माझ्या कवळीची टकटकसुद्धा त्या वांग्यानं पकडली. त्यावर उपाय म्हणून गाण्याआधी आंबट सफरचंदाची फोड चघळायची, तोंड स्वच्छ राहतं. फ्रिजची घरघर पकडली जाते म्हणून काम करताना ती फ्रिज बंद करते, आणि तो पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते. किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, मग फ्रिज आठवतोच. तुझ्या पोटची शोभते.

७ फेब्रुवारी

आज एक गंमत. तिला सांगू नकोस.

गाण्याआधी ती रिकाम्या खोलीचा आवाज भरून घेते. तुला वाटेल रिकाम्या खोलीला कसला आवाज? पण असतो. नळाची बारीक कुरकुर, यंत्राचा पंखा, भिंतीपलीकडचं काही. तो भरून घ्यायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, हे म्हणजे काही नाही; यापुढे हे जिथे दिसेल तिथून काढून टाक. की झालं सगळं स्वच्छ.

ती मला म्हणाली, आजी, दोन मिनिटं बाहेर हो. मी हो म्हटलं. ती बटण दाबून फ्रिज बंद करायला गेली. पण कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीत एकदा बसले की गुडघे ऐकत नाहीत, तुला ठाऊकच आहे. राहिले बसून. आणि मी गप्प कधी बसले आहे? आपली खालच्या आवाजात गुणगुणत होते, बोटांनी खुर्चीवर ठेका धरत होते, मधेच बाळाशी दोन शब्द बोलले. ती यायच्या आत उठून दाराशी उभी राहिले, शहाण्या मुलीसारखी.

९ फेब्रुवारी

खजूर मिळाले. बियांसकट. देवा रे, काय करावं हिचं.

आज गाणं म्हटलं. एक वीत अंतर, तोंड तिरकं, सफरचंदाची फोड चघळून. दोन्ही कडवी. मध्ये कुठेही अडखळले नाही. नातीचे डोळे भरून आले. मग तिनं यंत्राकडून सफाई करून घेतली, कानाला लावायचे ते हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले आणि गाणं लावलं.

काहीच नाही. सफरचंदाची बशी सरकल्याचा आवाज आहे. शेवटी तिनं नाक ओढलं तो आहे. मधे माझं गाणं होतं, तिथे काही नाही.

ती म्हणाली सफाई जास्त झाली, कमी करून पाहते. पाहिलं. मग सफाई न करताच पुन्हा भरलं. तरी नाही. वायर बदलली. तरी नाही. हसून म्हणाली, आजी, तू माइकला घाबरवलंस. मीही हसले. पण ते आत जे काही नव्हतं ना, ते नुसतं गप्प नव्हतं. कोणीतरी हातानं पुसून घेतल्यासारखं होतं.

१० फेब्रुवारी

तुझा फोन आला. माझं बोलणं मधेमधे गायब होतं म्हणालीस, वहीत रेघाच रेघा झाल्या. मला तर इकडे माझा आवाज नीट येतो. आता फोन तोंडाला लावून बोलतेय. येतंय का?

दुपारी नातीला हाक मारली. ती पाठमोरी भांडी विसळत होती. वळली नाही. पुन्हा मारली. मग मी खांद्याला हात लावला तर दचकून म्हणाली, अगं आजी, बोलायचं तरी. तिला वाटलं माझा घसा बसलाय. गरम पाणी दिलं. मी प्यायले. घशाला काहीही — नाही.

मनुका पाठव, मऊ — त्या.

११ फेब्रुवारी

मनुका निघाल्या असं काही कळवलं नाहीस. ऐकूच आलं नसेल.

आज तिच्या खोलीत शिरले. ती हेडफोन लावून, डोळे मिटून बसली होती, माइक चालू. अंतराबिंतर गेलं खड्ड्यात. मोजा बाजूला सारला, त्या वांग्याला ओठ टेकवले आणि तिच्या नावानं ओरडले. जवळून आवाज — होतो म्हणाली होती ना? काच थरथरेल इतकी ओरडले.

ती डोळे मिटूनच हसली. स्वतःशीच म्हणाली, "आज खोली किती शांत आहे."

१२ फेब्रुवारी

आता कळलं. रात्रभर — नाही, सकाळी आरशासारखं लख्ख कळलं. तिनं यंत्राला सांगितलं ना, हे म्हणजे काही नाही. त्यात मी होते. माझी गुणगुण, माझा श्वास, — ठेका. मी असलेली खोली म्हणजे रिकामी खोली, असं ते शिकलंय. आणि ते आता यंत्रापुरतं —

तिला एवढंच सांगायला हवं की तो रिकामा आवाज फेकून दे आणि मला बाहेर उभी करून नवा भर. एवढंच. पण बोललेलं पोचत नाही. आणि लिहायला — आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, चार मुंग्या मलाही ओळीत लावता — . तिला हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं, खुर्ची दाखवली, तोंड दाखवलं. तिला वाटलं मला गाणं ऐकायचंय. तेच लावलं. बशी सरकली. नाक ओढलं. ती माझ्याकडे बघत होती, पण जरा बाजूला. माझ्या कानामागच्या भिंतीकडे.

तू तिला सांग. रिकामा — पुन्हा भर म्हणावं. आजीला बाहेर — करून.

१३ फेब्रुवारी

बुटक्या खुर्चीत बसले होते. ती आली आणि गोधड्यांच्या घड्या माझ्या मांडीवर ठेवल्या. एकावर एक. हनुवटीपर्यंत. मी बसलेली खुर्ची तिला —

मग तुझा फोन. तिनं मोठ्यानं लावला होता. मी ऐकलं सगळं. तू म्हणालीस, रोज कुणीतरी — पाठवतं, खरखर असते, मधे दोन शब्द. सवयीनं वहीत उतरवते, कुणाचे आहेत ते आठवत नाही.

अगं मी. मी आहे. पिशवीत कवळी — बघ.

ती म्हणाली, आई, मला इथे एकटीला करमत नाही. तुझ्याकडे येते.

१४ फेब्रुवारी

सामान भरतेय. भरताना गाणं गुणगुणते. आपलंच. पहिलं कडवं. मग थांबते, दुसरं येत — . मी कानाशी म्हणते. पुन्हा म्हणते. ती पहिल्यावर —

फ्रिज रिकामा केला. अंडी, दूध, सगळं शेजारणीला. सफरचंदंही. मी तिच्या पदराला — सोडवून घेतला, खिळ्याला अडकल्यासारखा.

१५

फ्रिजमधून किल्ली काढली. मी खुर्चीतून उठेपर्यंत दार लावलं. बाहेरून कुलूप. लिफ्ट कण्हत खाली —

दार ठोठावलं. हात दुखतो, आवाज — . समोरचा म्हातारा बूट पुसतो. मी हात हलवते. तो वर बघतो आणि —

नळाला पाणी आहे. खायला —

१६

ती पोचली असेल. तिला विचार, — कुठे. नुसतं विचार. विचारलंस की तिला —

लिहितेस ना अजून? रेघ तरी —

१७

ऐक. हे येईल तेवढं लिही. दाराखाली बोटभर फट आहे. कोणाच्याही हाती — चालेल. खजूर पाठव. दाबून चपटे कर, फटीतून सरकतील असे. आणि या वेळी तरी बिया काढायला विसर