मागच्या गेटाचं कुलूप

आई, बोरीवलीची आपली चाळ पाडून तिथे टॉवर झाला, हे तुला माहीत नाही. तू गेल्यानंतरचं आहे हे सगळं. खाडीकडच्या ज्या मोकळ्या जागेत साप निघतात म्हणून तू आम्हाला जाऊ द्यायची नाहीस, तिथे आता इमारतीला इमारत लागून उभी आहे. माझ्या बाल्कनीतून समोरच्या घरात आज कुठली भाजी शिजतेय तेही कळतं.

लालबागची खोली सोडून आपण इथे आलो तेव्हा नळ आले नव्हते. कोळीवाड्यातल्या म्हातारीच्या विहिरीवर तू कळशी घेऊन उभी आहेस, मी तुझा पदर धरून. तिचा मुलगा ओरडतोय, ही बाहेरची माणसं विहीर आटवणार म्हणून. म्हातारी त्याला गप्प करते आणि तुला म्हणते, "पानी भर गो. मानसा आयली त तान लागनारच." पुढे नळ आला, आणखी बिऱ्हाडं आली. एकदा नव्याने आलेल्या मुलीची बादली मी नळाखालून मागे सरकवली. "आम्ही आधीपासून राहतो," म्हणाले. तू सगळ्यांसमोर माझा दंड धरलास. "आधी इलंस म्हणान मालकीण झालंस काय गो?" आणि तिची बादली स्वतः भरून दिलीस. मी घरी येईपर्यंत रडत होते. तू समजूत काढली नाहीस.

गेल्या वर्षी आमच्या टॉवरमागे, रस्ता रुंदीकरणात घरं गेलेल्या लोकांची इमारत भरली. त्यांची मुलं आमच्या मागच्या गेटातून शिरून पुढच्या गेटाने शाळेत जायची. आरडाओरडा व्हायचा, एकदोन गाड्यांवर ओरखडे आले. सोसायटीची मीटिंग झाली. मी सेक्रेटरी. "आम्ही इथले जुने रहिवासी, दर वेळी आम्हीच का ॲडजस्ट करायचं?" हे मी बोलले आई, दुसऱ्या कुणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी मागच्या गेटाला कुलूप लागलं.

त्या इमारतीतली एक बाई मुलीला घेऊन माझ्या दारात आली. "ताई, शाळेच्या टायमापुरतं तरी उघडा ना. मेन रोडने फिरून जावं लागतं, तिथे डंपर सुसाट येतात."

"कमिटीचा निर्णय आहे," मी म्हटलं.

"तुम्ही आहात ना कमिटीत?"

 तिने मुलीच्या दप्तराचा पट्टा सारखा केला, "चल गं," म्हणाली आणि लिफ्टकडे वळली.

पावसाळा संपता संपता मेन रोडवर त्याच मुलीला एका टेम्पोने उडवलं. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. केस होईल या भीतीने सोसायटीने घाईघाईने गेट उघडलं. तेव्हाही मीटिंग झाली. तेव्हाही सगळे एकमताचे होते.

मुलगी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी सफरचंदं घेऊन बघायला गेले. एवढीशी खोली, पलंगावर मुलगी, पाय उशीवर. तिच्या आईने मला लगेच ओळखलं. घरातली एकुलती खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. सासूला सांगितलं, "समोरच्या टॉवरमधल्या ताई आहेत, मुद्दाम आल्यात बघायला." कुलुपाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मुलगी मला विचारत होती, तिच्या वर्गात आता कुठला धडा चालू असेल. मला कुठून माहीत असणार? शाळा सुटली होती, खाली मुलांचा गलका ऐकू येत होता, आणि ती मान उंचावून खिडकीकडे बघत होती.

घरून निघताना माफी मागायची असं ठरवून गेले होते. चहा पिऊन झाला, कप खाली ठेवला, "काळजी घ्या," म्हटलं आणि उठले.

हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिता आलं. तू असतीस तर मी तुला फक्त सफरचंदं नेली तेवढंच सांगितलं असतं. आणि एक सांगायचं राहिलं. तिने कुलुपाचा विषय काढला नाही, याचं मला जिना उतरताना बरं वाटलं होतं.