मागे कोणी नव्हतं

रविवार, ८

निघायची वेळ सात ठरली होती. निघालो साडेनऊला! का, तर मोटरहोमच्या, म्हणजे या चाकांवरच्या घराच्या, मालकाकडून ह्यांना सगळी बटणं दुसऱ्यांदा समजून घ्यायची होती. चाळीस वर्षांच्या संसारात घरातलं वॉशिंग मशीन कधी लावलं नाही, आणि इथे सांडपाण्याच्या टाकीवर अर्धा तास प्रश्नोत्तरं.

ही सुट्टी मला न विचारता ठरली. आणि नेमका हाच आठवडा! नर्सिंग स्कूलचं पत्र येऊन महिना झाला. प्राचार्यपद, दोन वर्षांसाठी. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. गाव आमच्यापासून पाच तासांवर. शनिवारी दुपारपर्यंत उत्तर कळवायचं आहे. ह्यांनी बरोबर यायचं, की मी एकटीने जायचं, की जायचंच नाही — एवढं एकच विचारते आहे. त्यावर काय? "तू ठरव." पुन्हा विचारलं. "अगं, तू ठरव म्हटलं ना!" याला कोणी परवानगी म्हणत नाही. हे हात झटकणं झालं. उद्या काही बिनसलं की "तूच ठरवलंस" म्हणायला मोकळे.

"म्हणूनच तर निघालोय. वाटेत निवांत बोलू," असं आज स्टिअरिंग हातात घेताना म्हणाले. बघते.

सोमवार, ९

बोलणं झालं नाही. धरण बघितलं, जुना पूल बघितला, पुलाखालची बदकं बघितली. बदकांवर वीस मिनिटं बोलले.

सकाळी दाराची पायरी आत न घेताच गाडी काढली. खरड-खरड असा आवाज, मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय, आणि हे म्हणतात, "इंजिन जरा आवाज करतंय." पुढच्या वळणावर वरचं कपाट उघडलं आणि सगळ्या थाळ्या माझ्या पायाशी! कडी लावलीच नव्हती.

गाडी थांबवायला लावली आणि यादी लिहून दारावर चिकटवली. पायरी, गॅसचा नॉब, पाण्याची नळी, विजेची वायर, छताची खिडकी, कपाटाच्या कड्या — एकूण अकरा गोष्टी. निघण्यापूर्वी एकेक मोठ्याने म्हणायची, हात लावून बघायची. हसले. "बाईसाहेब, हे ऑपरेशन थिएटर नाही."

नाही कसं? चौतीस वर्षं थिएटर सांभाळलं मी. पोट शिवण्याआधी गॉजचे तुकडे मोजायचे, अवजारं मोजायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सर्जन कितीही मोठा असो, कितीही तडतडो, मोजणी जुळल्याशिवाय सुई त्याच्या हातात जात नसे. माझ्या थिएटरात कोणाच्या पोटात काही राहिलं नाही. एकदाही नाही. त्याचंच शिक्षण द्यायला बोलावताहेत मला, आणि नवरा हसतो.

मंगळवार, १०

गाडीतल्या संडासाची पेटी मी नेऊन रिकामी केली. ह्यांच्या पाठीत ऐनवेळी उसण भरली. मात्र त्याच पाठीने शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांपाशी तासभर उभे होते. मी पेटी धुऊन परत येते तर कानावर पडलं, "आमची मंडळी फार हुशार हो! अजून नोकऱ्या मागे लागतात तिच्या." परक्यापुढे हे कौतुक. माझ्यापुढे तोंडाला कुलूप.

जेवताना सरळ विचारलं. "हो की नाही?"

चमचा खाली ठेवला. खूप विचार केल्यासारखं केलं. म्हणाले, "तिकडे डास फार असतील."

डास!

"मी आयुष्याचं विचारते आहे आणि तुम्ही डासांचं सांगताय?"

"अगं, आवाज केवढा! लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांना तरी कळेल, चाळीस वर्षं मी कोणाशी बोलत होते."

यापुढे तुम्ही उत्तर देईपर्यंत माझ्याकडून एक शब्द नाही, असं सांगून मागच्या बिछान्याचा पडदा ओढून घेतला.

बुधवार, ११

अबोला. चहा केला, कप आपटला. फुटला नाही, प्लास्टिकचा. या डब्यात धड राग काढायचीही सोय नाही.

गुरुवार, १२

अक्षर वेडंवाकडं येतंय. रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

ह्यांनी मला पेट्रोल पंपावर सोडून दिलं.

सकाळी निघालो तेव्हा मी मागे, पडद्याआड. साडेदहाच्या सुमाराला डिझेल भरायला गाडी थांबली. मी बाजूच्या दाराने उतरून पंपावरच्या बाथरूमला गेले. गाडीतला संडास वापरला नाही, कारण ती पेटी पुन्हा मलाच उचलावी लागली असती. सांगून गेले नाही. अबोला होता, सांगणार कशी? पायात घरातल्या सपाता, फोन उशाशी चार्जिंगला, पर्स हुकाला. बाहेर येते तर गाडीच्या जागी डिझेलचा ओला डाग!

निघण्यापूर्वीच्या अकरा गोष्टी. बायको यादीत नव्हती. ती चूक माझी, मान्य.

गल्ल्यावरची मुलगी तिशीतली, च्युइंगगम चघळत. म्हणाली, "आजी, भांडण झालं का?"

"आजी कोणाला म्हणतेस?"

"बरं, काकू. झालं का?"

"फोन दे."

फोन दिला, पण नंबर? ह्यांचा नंबर मला पाठ नाही! 'घरचे' असं लिहून ठेवलंय, त्यावर बोट ठेवलं की लागतो. पाठ फक्त माझा. मग स्वतःलाच फोन लावत बसले. पाच वेळा. पाचही वेळा वाजत राहिला. त्या मुलीने खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि प्रत्येक गाडी आली की म्हणायची, "ही का? ही नाही? मग येतील, काकू. कुठे जातात?" तिच्यावरही राग आला, पण तेवढा नाही.

सव्वादोन तासांनी गाडी आली. उतरले ते पांढरेफटक, डोळे लाल. मला वाटलं, काळजीने.

पहिला प्रश्न कोणता असावा? बरी आहेस ना? घाबरलीस का? छे! "तू कधी उतरलीस?"

"इथेच. डिझेल भरत होतात तेव्हा."

"म्हणजे... तू काहीच ऐकलं नाहीस?"

"मी इथे आहे. तुम्ही तिथे होता. काय ऐकणार?"

पायरीवर बसले. तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते असं: तासभर बोलत होते. सगळं. पडद्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत. मी गप्प होते म्हणून त्यांना वाटलं, ऐकते आहे. फोन वाजत होता, मी उचलत नव्हते, तर वाटलं, रागावले आहे. शेवटी चहाला थांबले, पडदा सारला, तर मागे कोणी नव्हतं. उशीवर फोन.

"बरं. मग आता परत सांगा."

"आता नाही जमणार."

गल्ल्यावरची मुलगी काचेतून हात हलवत होती. मी हलवला. ह्यांनी नाही.

शुक्रवार, १३

अबोला कालच पंपावर मीच मोडला. बोलल्याशिवाय उत्तर कसं काढणार? सकाळपासून चार वेळा विचारलं. सर्जनसुद्धा गडबडीत बोललेलं पुन्हा सांगतात. तुम्हाला काय झालं? एकदा बोललात ना, शब्द काही संपत नाहीत.

"तेव्हा तू दिसत नव्हतीस."

"मग डोळे मिटून सांगा."

"ते तसं नसतं गं."

"तुम्हाला मी जायला नको आहे. हेच ना? एवढंसं बोलायला तासभर लागला?"

समोरचा रस्ता बघत राहिले. वायपरची एक काडी काचेवर कुरकुरत होती. पाऊस नव्हता, चुकून सुरू राहिला होता. तो बंद करायचंही ह्यांना सुचत नव्हतं. शेवटी मीच हात घालून बंद केला.

दुपारी तळ्याकाठी गाडी लावली. मी सांगून टाकलं: उद्या दहाला ऑफिस उघडतं, मी होकार कळवणार. क्वार्टर दोघांपुरतं आहे. यायचं असेल तर या, डासांची जाळी मी बसवून घेते.

हे एकदम उठले. "अगं, घाई काय आहे? उद्या तळ्यात बोटिंग करू. सोमवारी घरी जाऊन शांतपणे कळव."

"मुदत उद्याची आहे."

"असू दे ना! एक दिवस इकडे-तिकडे काही होत नाही."

एक दिवस! ज्या माणसाने मुदतीचा शेवटचा आठवडा निवडून गाडी आणली, तो मला एका दिवसाचं महत्त्व शिकवतोय. पाणी आणायला म्हणून गेले ते अर्धा तास नळापाशी. बादली भरून वाहत होती. मी खिडकीतून बघत होते. हाक मारली नाही.

शनिवार, १४

दहाला फोन केला. ऑफिसातल्या बाई गोंधळल्या. "मॅडम, तुमचा नकार तर मागच्या महिन्याच्या तीस तारखेलाच आला. आम्हीच घरी फोन केला होता. तुमच्या मिस्टरांनी घेतला. म्हणाले, तिची इच्छा नाही, पुन्हा फोन करू नका." जागा दुसरीला दिली. सोमवारी ती रुजू होते आहे.

तासभर हेच सांगत होते तर. रिकाम्या बिछान्याशी.

दुसरं काही आहे का, विचारलं. थिएटरचं प्रात्यक्षिक शिकवायला बाई हव्या आहेत. हाताखालचं पद, क्वार्टर नाही, वसतिगृहात एक खोली, एका माणसापुरती. फोन ठेवून ह्यांना विचारायला गेले नाही. तिथल्या तिथे हो म्हटलं. मंगळवारी हजर व्हायचं आहे.

हे बाहेर गाडीची काच पुसताहेत. आता जाऊन सांगते. समोर उभी राहून, तोंडावर.