लिंबू, देवदार आणि पाच जुनी नाकं

प्रिय मूषकमाते,

सोमवारी तू तुझा शोधनिबंध मागे घेणार आहेस, हे तुझ्या वहिनीकडून कळलं. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि ते योग्यच आहे.

आता नीट बस आणि ऐक. काल आमच्या साबणाच्या कारखान्यात रणकंदन माजलं! लिंबाच्या तेलाचं नवं पिंप आलं होतं. रिवाजाप्रमाणे बाटल्यांवर नुसते आकडे टाकले आणि आम्ही पाच जुन्या परीक्षकांनी एकमेकांकडे न बघता कागदाच्या पट्ट्या हुंगल्या. पाचही जणांचा एकच शेरा: यात देवदार मिसळलाय. पिंप परत पाठवायचं ठरलं. तेवढ्यात तीनच दिवसांपूर्वी कामाला लागलेली मुलगी म्हणाली, "काका, यात नुसतं लिंबू आहे हो." मी माझ्या नेहमीच्या मधाळ आवाजात विचारलं, की बाई, सर्दी कधीपासून आहे? तर म्हणे, "मला नाही, तुम्हालाच असेल. पाचही जणांना." मग यंत्रावर तपासणी लावली. देवदाराचा कणसुद्धा निघाला नाही. पोरगी एकटी बरोबर, आणि आमची मिळून सव्वाशे वर्षांची नाकं साफ चूक!

मला आधी घाम फुटला, आणि मग आनंदाने नाचावंसं वाटलं. गेली नऊ वर्षं आम्ही पाचजण रोज सकाळी जो साबण हुंगतो, त्यात लिंबू आणि देवदार एकत्रच असतात. ती मुलगी त्या साबणाच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही. अगं, म्हणजे तुझ्या उंदरांचं जे झालं, तेच आमचं झालं! तूच सांगितलं होतंस, की मेंदूत वासांची एक मांडणी असते. सारख्या घडणीचे वास तिथे सारखे ठसे उमटवतात. पण दोन अगदी परके वास पिंजऱ्यात दिवसचे दिवस एकत्र दरवळत ठेवले, की त्यांचेही ठसे एकमेकांसारखे होऊ लागतात. सहवासातून सोयरीक! आमच्या जुन्या नैयायिकांनी गंधाचे सुरभी आणि असुरभी, म्हणजे सुगंध आणि दुर्गंध, असे दोनच प्रकार केले आणि हात झटकून मोकळे झाले. तुझे उंदीर त्यांच्याहून बारकाईने शास्त्र करतात. काल जेवताना मी हे सगळं उभं राहून तुझ्या वहिनीला समजावलं. ती म्हणाली, "आधी बसा, हातातला घास वाळतोय."

आता खरं कारण. तुझ्या प्रयोगातल्या वासांच्या बाटल्याच एकमेकींत मिसळल्या असतील, ही तुझ्या प्रमुखांची शंका तू धुडकावून लावली होतीस. मग तू मला विचारलंस, की दादा, तुझं नाक तीस वर्षं मुरलेलं, तुला असं कधी झालंय का? आणि क्षणभरही विचार न करता मी म्हणालो, की लिंबाचा वास तो लिंबाचाच, तुझ्या बाटल्याच गळत असणार. दुसऱ्याच दिवशी तू निबंध मागे घ्यायचा निर्णय घेतलास. प्रमुखांच्या नव्हे, माझ्या शब्दावर. आम्हा पाचजणांचे शेरे आणि यंत्राचा अहवाल सोबत जोडलाय. पहिली सही माझीच आहे. पाच नाकांनी काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण निबंध मागे घेऊ नकोस. मागे मी घेतो, माझं ते बोलणं.

नाक मुठीत धरून,
तुझाच
दादा