कुंडावरची सावली

२ ऑक्टोबर १९५३

आणखी एक फुटली! लाल पातं कुंडातल्या पाण्यात बुडवलं आणि — टिक्क. एवढासाच आवाज. बाहेर काढलं तर पाठीपासून धारेपर्यंत केसासारखी भेग. आज एकही सुरी धड निघाली नाही.

संध्याकाळी मस्तगडला सभा होती. मी बोललो. "लोखंडाला सोवळं कळत नाही, सावली कळत नाही! त्याला कळते ती फक्त आच!" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग भुजंगराव, तुमच्याच सुऱ्या का फुटून राह्यल्या?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच चिकटून होतं.

४ ऑक्टोबर

आमच्या घरची रीत अशी: भाता बायकांनी ओढायचा, पण पात्याला पाणी पाजायची वेळ आली की उठून भिंतीआड जायचं. बाईची सावली पाण्यावर पडली की पोलाद फुटतं म्हणे! श्रावणात ही रीत मीच मोडली. नंदाला म्हटलं, उठायचं नाही. उलट कुंडाच्या काठाशी उभी राहा, सगळ्या आळीला दिसू दे. बायको माझी, भट्टी माझी, विचार माझा. ती उभी राहिली. तेव्हापासून सुऱ्या फुटतायत.

आज जेवताना आई म्हणाली, "हिच्या पोटात टिकत न्हाई, हिच्यासमोर पाण्यात बी टिकत न्हाई."

दोनदा आमचं मूल पोटातच गेलं. नंदा भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

थोरल्या भावाने, कडूबादादाने, निकालच दिला: "खंडेनवमीला हत्यारं पुजायची. त्याच्या आधी ही तीर्थपुरीला, बापाकडं. मी निरोप धाडलाय. अन् परत आणायचं नाव काढू नको."

मी उभा राहून बोललो, घर दणाणेपर्यंत बोललो. दादा विडी ओढत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "झालं का भाषण, पंडित?"

५ ऑक्टोबर

फुटली.

८ ऑक्टोबर

वाचनालयातून धातूंवरचं पुस्तक आणलं. पोलाद का फुटतं? कातडं आधी गार होतं, गाभा मागून. दोघांच्या ओढाताणीत भेग पडते. आणि सगळं पोलाद एकसारखं नसतं! काहींत कोळशाच्या अंशाशिवाय दुसरे धातू मिसळलेले असतात. त्यांना पाण्याचा झटका सोसत नाही, त्यांना तेल लागतं.

वाचता वाचता ताडकन उठलो. श्रावणातच तर भंगारवाल्याकडून मिलिटरीच्या ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे घेतले! त्याआधी आम्ही रेल्वेच्या स्प्रिंगांच्या सुऱ्या करायचो. पोलाद बदललं आणि नंदा कुंडाशी उभी राहिली — दोन्ही एकाच महिन्यात.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "लोखंडाला तेल? मंग चोळून आंघोळ बी घाल."

१० ऑक्टोबर

जमलं! करडईचं तेल कोमट केलं, पातं लाल करून आत सोडलं. भपकन धूर. कान देऊन बसलो — आवाज नाही. पुसून उन्हात धरलं — भेग नाही. कानस फिरवली तर नुसती घसरते, इतकं कडक! शेजारच्या झुंबरबाई भिंतीवरून डोकावल्या, "काय वो, भजे तळून राह्यले का?" मी खदखदून हसलो. कितीतरी दिवसांनी.

लिहायचं नव्हतं, पण या पानाशी तरी खोटं कशाला बोलू? तेलात पातं सोडण्याआधी मी नंदाला म्हटलं, "तू जरा आत जा. धूर होईल."

११ ऑक्टोबर

काल मी दोन गोष्टी एकदम बदलल्या. पाण्याच्या जागी तेल आणलं आणि नंदाला हलवलं. मग सुरी वाचली ती कशाने? पहिल्या पुस्तकापासून शिकत आलो की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि ऐन वेळेला —

नंदाला म्हटलं, आज तू उभी राहा, परत करून बघू.

ती म्हणाली, "काल आत का धाडलं?"

"धूर होता."

"इतकी वर्षं भात्यापाशी बसले, तवा न्हाई दिसला धूर?"

मी भट्टीतले निखारे उकरू लागलो. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी!

"खरं सांगा. तुम्हाला बी वाटल्तं ना?"

मी सांगितलं नाही. तिला ते बराबर कळलं. ती आली नाही.

१५ ऑक्टोबर

सासरे पुंजाराममामा आले. बैलगाडी दाराशी सोडून ओसरीवर बसले, चहाला हात लावला नाही. उद्या खंडेनवमी, म्हणजे आजचाच दिवस उरलेला. मी भट्टी पेटवली आणि तेल ठेवलं. आळी जमली. मी बोलायला तोंड उघडलं तोच नंदा बाहेर आली. माझ्या हातातली सांडशी घेतली. पातं तिनेच तापवलं, तिनेच तेलात सोडलं. तिची अख्खी सावली त्या भांड्यावर होती.

आवाज नाही. भेग नाही.

आई आत गेली. दादा पातं उलटंपालटं करून बघत राहिला आणि म्हणाला, "असं हाय तर. तेलाला बाई चालती. पाण्याला चालत न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या! शहाण्यासारख्या! मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

मामा हात जोडून म्हणाले, "मंग जावईबापू, लेक राहू द्यायची ना?"

"राहू दे की आता," दादाच बोलला.

नंदा म्हणाली, "बाबा, गाडी जुपा."

मी गाडीमागे वेशीपर्यंत गेलो. काय काय बोललो आठवत नाही. तिने एकदाच वळून पाहिलं. "मला आत धाडून, पाण्यात एक तरी सुरी पाजून बघायची. इतक्या दिवसांत का न्हाई बघितली?"

कारण ती फुटली नसती तर! ही भीती मला श्रावणापासून होती. तिला ती माझ्या आधी दिसली.

खंडेनवमी

हत्यारांना झेंडूच्या माळा घातल्यात. आज भट्टी पेटवायची नसते. पेटवली. ट्रकचाच पाटा, कुंडातलं तेच पाणी. दार लावून घेतलं. नंदा तीर्थपुरीला, कुंडावर एकाही बाईची सावली नाही. लाल पातं बुडवलं.

टिक्क.