जोड्यांचे दुकान आणि रक्तातली साखर यांच्या वाटणीबाबत

मी, खाली सही करणारा, सर्व गल्लीत 'जोडेमास्तर' म्हणून ओळखला जाणारा, वय एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (पहिल्या क्रमांकाने), धंदा चामडी जोडे बनविणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून, उलट फारच खुशीत असून, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला देण्यास डॉक्टरीणबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या डाव्या सँडलची टाच झिजल्याचेही सांगितले.

कलम एक. राहते घर पत्नीचे. तिने दिवसा दिवे जाळू नयेत, ही विनंती आहे. तिला अट घालण्याची माझी प्राज्ञा नाही.

कलम दोन. शेजारचे घड्याळजी यांनी नेलेली माझी शिडी त्यांच्याकडेच राहावी. वरून तिसरी पायरी मोडकी आहे, हे त्यांना चढल्यावर कळेल.

"मास्तर, मी इथेच बसलोय," घड्याळजी म्हणाले.

"बसा. खुर्ची धड आहे," मी म्हणालो.

कलम तीन. दुकान, अवजारे व साचे थोरल्या मुलाचे. आमच्या घराण्यात दुकान आणि मधुमेह ही दोन्ही थोरल्याकडेच जातात. वडिलांच्या तळपायात जोड्याचा खिळा दिवसभर रुतून राही, तरी त्यांना पत्ता नसे. आमच्या घराण्याचे तळवे लोखंडी, असे आम्ही मिरवत असू. आत्याचेही तसेच होते, पण बाईमाणूस म्हणून तिला कोणी गणतीत धरले नाही. वडिलांचा पाय चिघळला तेव्हा ते लोखंड नसून साखर असल्याचे उमगले. पुढे ती मलाही झाली. आता थोरला 'येणारच आहे तर तपासायचे कशाला' असे म्हणत हिंडतो. सबब, रक्त तपासल्याखेरीज त्यास दुकानाची किल्ली मिळणार नाही.

हे वाचून दाखविताच थोरला उसळला. "बाबा, ही दादागिरी झाली!"

"दे की रे दादा बोट," धाकटी मुलगी म्हणाली. "एवढा बाप्या माणूस, सुईला घाबरतोस!"

"तू दे ना आधी!"

"देते. मला कुठे या घरात काही मिळतंय!"

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून यंत्र काढले. "आजार थोरला-धाकटा बघत नाही हो, मास्तर. आईवडिलांपैकी एकाला असला की सगळ्याच मुलांना धोका वाढतो, मुलींनासुद्धा. पण धोका म्हणजे आजार नव्हे. खाण्याच्या, बसून राहण्याच्या सवयीही घरातूनच येतात. त्या तेवढ्या नाकारता येतात."

थोरला ठणठणीत निघाला व खोलीभर नाचला. धाकटीची साखर चढलेली निघाली.

"मधुमेहाच्या उंबरठ्यावर दिसतेय," बाई म्हणाल्या. "उपाशीपोटी पक्की तपासणी करू. वेळेत कळलं, हे उत्तम. चालणं, वजन, जेवण सांभाळलं तर पुष्कळांची मागे फिरते."

धाकटी ओरडली, "बाबा! अखेर मला काहीतरी मिळालं!" आणि उचकी लागेपर्यंत हसली. पत्नी पदराने डोळे पुसत हसली. घड्याळजी खुर्चीवरून घसरले.

"एक दिलंत, तर आता दुकानही द्या," धाकटी म्हणाली.

"तुला जोडा शिवता येतो?"

"तुमची नजर अधू झाल्यापासून टाके कोण घालतंय? दादा तर गल्ल्यावर बसतो!"

"खरंय, बाबा," थोरला म्हणाला.

सबब, कलम तीन रद्द. नवे कलम तीन: दुकान दोघांचे, निम्मे-निम्मे. दोघांनी घरून दुकानात रोज पायी जावे. थोरल्यानेही जावे, कारण साखर आज निघाली नाही म्हणजे कधीच निघणार नाही, असे नव्हे. माझी चूक झाली, असे मी येथे लिहीत नाही. कलम बदलले आहे, एवढेच.

ठिकाण: राहत्या घराची बाहेरची खोली. दिनांक: डॉक्टरी दाखल्यावर आहे तोच.

सही: जोडेमास्तर (स्वहस्ते, चष्म्याशिवाय)

समक्ष हजर साक्षीदार: डॉक्टरीणबाई, घड्याळजी (शिडीबाबत हरकत नोंदवून). मुलगा व मुलगी वारस असल्याने साक्षीस घेतलेली नाहीत. शाई वाळण्यापूर्वीच ती दोघे पायी दुकानाकडे निघाली आहेत. धाकटी पुढे आहे.