‘छ’ वरून काय ठेवावं?

नीरजाताईले नमस्कार,

मी प्रतिमा, तुमच्या भावाची बायको. आपण एकमेकीले पाह्यलं नाही. फोन कराची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून राह्यली. ताई, तुम्हाले भाची झाली!

गुरुजीनं अक्षर काढलं ‘छ’. सासूबाई म्हणे छाया, हे म्हणे छबी. मामाजी, म्हणजे तुमचे बाबा, हरेक नावाले नाहीच म्हणत. परवा बारसं! शेवटी मीच चिडली, “मंग तुम्हीच ठेवा ना एखादं!”

“म्या काऊन ठेवू? तिले आत्या नाही काय?”

तुम्ही आपल्या मर्जीनं लगन केलं, तवापासून ज्यायनं घरात तुमचं नाव घेऊ देलं नाही, ते हे बोलले! सासूबाईच्या हातातून पाळण्याची दोरीच सुटली.

आन् आता तर मामाजी धुतलेलं धोतर नेसून तुमच्या नांदुऱ्याच्या गाडीत बसले बी! चिठ्ठीच्या आधी तेच तुमच्या घरी पोचतील, म्हणून ही चिठ्ठी पोस्टात टाकत नाही. मनातल्या मनातच सांगतो. दारात उभे राहून ते फक्त “छ वरून नाव सांग” म्हणतील. लगेच सांगू नका, ताई. आठवून राह्यली म्हणा, चहा ठेवा, आन् नाव इथं येऊन पोरीच्या कानातच सांगा.

वाट पाहून राह्यलेली,
तुमची वहिनी प्रतिमा
जानेफळ